अप्पांच्या हातची कॅप्सूल

खोली क्र. ४१२, विद्यार्थी वसतिगृह,
इंग्लंड
रविवार, दि. १४ मार्च २०२१

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

ती. अप्पांस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

तीर्थरूप लिहिताना हात अडला, तरी लिहिलं. जगदेवी आत्यांनी दुसरीत असताना पट्टी मारून शिकवलंय, की राग कितीही असला तरी मायना चुकवायचा नाही. मायना झाला. आता ऐका.

इकडं शिकायला आलेल्या महांतेशबरोबर तुम्ही पाठवलेल्या डबीतली एक कॅप्सूल मी काल दुपारी उघडली. हिरवी-पांढरी टोपी ओढली आणि बशीत पिवळी पूड सांडली. वास घ्यायची गरज नव्हती, तरी घेतला. बी-कॉम्प्लेक्स! मग दुसरी उघडली, मग तिसरी. अकरा उघडल्या, अकराही पिवळ्या. तोवर मला वेडी आशा होती की आपल्या औषधाच्या दुकानात डब्यांची अदलाबदल झाली असेल. पण तुमच्या हातून डबी बदलत नाही अप्पा. तीस वर्षांत कधी बदललेली नाही.

तुम्हाला वाटलं तरी कसं की मला कळणार नाही? दर रविवारी पूजा आटोपली की तुम्ही पेपर अंथरायचात, परातीत हीच पूड ओतायचात आणि आपण दोघं रिकाम्या कॅप्सूल भरत बसायचो. डॉक्टरची चिठ्ठी नसताना झोपेची गोळी मागायला येणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी, म्हाताऱ्या बायांसाठी. सगळं उमरगा तिला मल्लिनाथअप्पांची झोपेची म्हणतं. मी नऊ वर्षांची होते. हाताचा वास दोन दिवस जायचा नाही, शाळेत मुली नाक धरायच्या. लोक येऊन सांगायचे की काय गाढ झोप लागली, तुम्ही त्यांच्या पाठीमागून मला डोळा मारायचात, आणि मला वाटायचं की माझे अप्पा किती हुशार. त्याच परातीत तुम्ही माझं औषध भरलंत.

नोव्हेंबरात मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. आईला नाही, कुणाला नाही. येऊन दोन महिने झाले होते. वर्ग लॅपटॉपवर, जेवण एकटीनं, स्वयंपाकघरात सहा जणींच्या पाळ्या आणि एकमेकींची अर्धीच तोंडं ओळखीची. आंघोळ करायचंही ओझं वाटायला लागलं तेव्हा इथल्या डॉक्टरबाईंकडं गेले. त्या म्हणाल्या की हे डिप्रेशन आहे, औषधानं उतरतं. आणि उतरत होतं अप्पा! डिसेंबरच्या मध्याला मी पुन्हा भाकरी थापायला लागले होते. तुम्ही मात्र फोनवर म्हणालात, की तिथं नोंद कशाला ठेवतेस, उद्या नोकरीचा व्हिसा अडेल, तेच औषध मी आपल्या दुकानातून सहा महिन्यांचं पाठवतो. पाकिटं विमानतळावर फोडून बघतात म्हणून सुटी करून डबीत भरतो, असंही म्हणालात. फोन ठेवून मी रडले. आनंदानं. माझ्याबरोबरच्या मुलींना घरून सांगतात की ध्यान कर, स्तोत्र म्हण, नाटकं बंद कर. आणि माझा बाप स्वतःच्या हातानं औषध पाठवतोय. चारचौघींत मिरवलं मी तुम्हाला.

वीस जानेवारीपासून तुमच्या कॅप्सूल सुरू केल्या. आधीचं औषध अंगात मुरलेलं होतं, त्यामुळं तीन आठवडे कळलं नाही. फेब्रुवारीच्या मध्याला कोसळले ती नऊ दिवस अंथरुणातून उठले नाही. डॉक्टरबाईंनी विचारलं की औषध नेमानं घेतेस का. मी शपथेवर सांगितलं की एक दिवस चुकलेला नाही. त्यांनी कागदावर लिहिलं की औषध लागू पडत नाही, आणि घरून आलेल्या आहेत त्यातल्याच दोन घे म्हणाल्या. मी दोन घ्यायला लागले. लघवी पिवळीधमक झाली, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

औषध बंद झालं हे दुःख मी सोसलं असतं. पण औषध घेऊनही बरी होत नाही, म्हणजे आता मी कधीच बरी होणार नाही, हे खरं मानून मी महिनाभर जगले. हे खोटं तुम्ही रोज सकाळी पाण्याच्या घोटाबरोबर माझ्या पोटात घातलंत.

फोन करू नका. आई फोन स्पीकरवर टाकते, सगळं घर गोळा होतं आणि मी बरी आहे असं म्हणून मोकळी होते. म्हणून हातानं लिहून फोटो पाठवतेय, टपाल सध्या महिना महिना अडकतं. तुम्हीही लिहूनच कळवा. एकच विचारायचंय. का केलंत?

लोभ होता, तोच नडला. आणखी लोभ करू नये ही विनंती.

आपली,
शिवांजली

*

उमरगा
दि. १६ मार्च २०२१

॥ श्री ॥

चि. शिवांजलीस,
अप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मिळालं. गर्दीच्या वेळी काउंटरवर वाचलं, ती चूक झाली. खोकल्याचं औषध मागणाऱ्याला तापाचं दिलं आणि तो चार माणसांत मला बोलून गेला. तीस वर्षांत पहिल्यांदा. रोग पुन्हा वाढतोय, दिवसभर लाइन हटत नाही, त्यात घरून हे.

का केलं विचारतेस. ऐक मग. मी तुझा बाप आहे, दुश्मन नाही. डोक्याच्या गोळ्या सुरू झालेली माणसं मी रोज बघतो. आधी एक असते, मग दोन होतात, मग चिठ्ठी जुनी झाली तरी अप्पा द्या की म्हणून गयावया चालू. माझी पोर परमुलखात एकटी, तिला हे कायमचं लागलं तर कुणाच्या तोंडाकडं बघायचं मी? उद्या सोयरीक आली तर काय सांगायचं? आणि तुला असं झालंय तरी काय? कोंडून पडलीस, घरची सय येते, बाहेर रोगराई. ह्याला आजार म्हणतात व्हय? मग आमी समदेच आजारी. गेल्या साली टाळेबंदीत अर्धं शटर वर करून मी औषधं विकली, घरी येऊन अंगणात आंघोळ करून मग उंबरा ओलांडत होतो. मी काय कमी भ्यालो? मी कुठली गोळी घेतली?

माणसाच्या मनानं घेतलं की माणूस बरा होतो, हे मी काउंटरवर शिकलो. सिताबाई चार वर्षं माझी झोपेची नेते, ठणठणीत आहे. लांब कशाला जायचं? तुझ्या जगदेवी आत्यालाच घे. भाऊजी वारल्यापासून अकरा वर्षं, सोलापूरच्या डॉक्टरनं दिलेल्या म्हणून मी तिला ज्या कॅप्सूल पाठवतो, त्यात दुसरं काय असतं? हेच. आणि अक्का दर खेपेला सांगते की तुझ्या औषधानं शांत झोप लागते. तिला बोलू नकोस म्हणजे झालं. अन् तूसुद्धा फेब्रुवारीत फोनवर बरं वाटतंय म्हणालीस की! तेव्हा खोटं बोललीस का?

डॉक्टरबाईनं दोन घ्यायला सांगितल्या होत्या हे मला ठाऊक नव्हतं. ते वाचून भ्यालो, हे कबूल करतो.

आता तमाशा पुरे. बॅग भर आणि परत ये. विमान हैदराबादला उतरलं की मी स्वतः गाडी घेऊन उभा राहतो. चार दिवस आईच्या हातचं खाल्लंस की सगळं सुधारेल. आईला ह्यातलं काही कळू देऊ नकोस, तिचं बीपी आधीच वर आहे.

बापाचा जीव ओळखावा, जास्त काय लिहू.

तुझा,
अप्पा

*

इंग्लंड
दि. १८ मार्च २०२१

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

ती. जगदेवी आत्यांस,
शिवांजलीचे शरणु शरणार्थी, सा. न. वि. वि.

सोबत दोन पत्रांचे फोटो पाठवलेत, मी अप्पांना लिहिलेलं आणि त्यांचं उत्तर. आधी चष्मा लावून, बसून ती वाचा. मग हे वाचा.

तुम्हाला सांगावं की नको यात दोन दिवस घालवले. अकरा वर्षं तुम्ही ज्या कॅप्सूलच्या भरवशावर पाठ टेकता, तिच्यात काही नाही असं सांगून मी तुमची झोप उडवणार, वर भावाबहिणीत बिब्बा घालणार. गप्प बसावं असंच वाटत होतं. मग लक्षात आलं की अप्पांनी हेच केलं. समोरच्याला काय सोसेल ते परस्पर ठरवून टाकलं. म्हणून सांगते. तुमच्या डबीतली एक कॅप्सूल ताटलीत उघडून बघा.

अप्पांना लिहिलं नाही ते तुम्हाला लिहिते. त्या नऊ दिवसांत मला मरून जावंसं वाटलं. नुसतं वाटलं नाही आत्या, मी तसं ठरवत होते. त्या दुपारी समोरच्या खोलीतली केनियाची मुलगी दार बडवत आली. मी चार दिवस सिंकमध्ये खरकटा कुकर तसाच ठेवला म्हणून भांडायला. लई तापली होती. दार उघडल्यावर मला बघितलं आणि तिचं भांडण तोंडातच राहिलं. तिनं वसतिगृहाच्या माणसाला बोलावलं, डॉक्टरबाईंना फोन लावला आणि मास्क लावून संध्याकाळपर्यंत माझ्या दारात बसून राहिली. आत येणं नियमात बसत नव्हतं. मध्येच उठून कुकर तिनंच घासला.

घाबरू नका. आता खरं औषध पुन्हा सुरू झालंय आणि डॉक्टरबाई दर तीन दिवसांनी फोन करतात. डबीचं सांगितलं तेव्हा त्यांनी तीनदा विचारलं की तुझे वडील खरंच केमिस्ट आहेत का. मेल्याहून मेल्यासारखं झालं. व्हिसाचंही विचारून घेतलं. हे औषध घेतलं म्हणून माझा व्हिसा अडणार नाही म्हणाल्या. महांतेशनं कुठंतरी ऐकलेलं, अप्पांनी ते उचलून धरलं, आणि मी एवढी शिकलेली, मीही एकदा विचारायची तसदी घेतली नाही. स्वतःचाही राग येतो तो यासाठी.

अप्पा परत ये म्हणतात. एक मन म्हणतं की जावं. पण त्या घरात मला कुणी पेलाभर दूध दिलं तरी मी आधी हुंगून बघेन. सांगा, काय करू?

तुमच्या मायेवर सगळी मदार आहे, ती राहू द्यावी.

तुमची,
शिवांजली

*

तामलवाडी
दि. २१ मार्च २०२१

॥ श्री ॥

चि. मल्लिनाथास,
जगदेवी अक्काचे आशीर्वाद. देण्याची सवय आहे म्हणून दिले. आज ते मनातून निघालेले नाहीत.

मल्ल्या, उघडली बरं मी. पोरीची दोन्ही पत्रं वाचली, देवळीतली डबी काढली आणि ताटलीत कॅप्सूल मोडली. पिवळी निघाली. बोटाला लागली ती साबणानं धुतली तरी वास जाईना. तिथंच पाटावर बसून राहिले. शेजारची दैवशाला दूध घेऊन आली आणि कुणाचं काही वाईट कळलं का म्हणून विचारायला लागली. भाऊ मेला म्हणणार होते, जीभ आवरली.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांचा होतास. तुझं नाक पुसलं, पाटीवर हात धरून गिरवून घेतलं, तू फार्मसीला पहिला आलास तेव्हा गावभर पेढे वाटले. त्या हातानं तू मला अकरा वर्षं बनवलंस होय रे?

पोरीला छातीठोक लिहितोस की अक्काला शांत झोप लागते. आता खरं ऐक. हे गेल्यापासून मला धड झोप म्हणून लागलेली नाही. तास-दोन तास डोळा लागतो, मग कोंबडं आरवेपर्यंत आढ्याकडं बघायचं. नोकरीची शेवटची सात वर्षं वर्गात पोरांना पाढे म्हणायला लावून मी टेबलावर डोळे मिटून बसत होते. गुंडप्पा हेडमास्तरनं दोनदा पकडलं. तर मग तुला झोप लागते म्हणून का सांगत होते? तू एसटीच्या कंडक्टरकडं डबी द्यायचास, संध्याकाळी फोन करून विचारायचास की अक्का, गुण आला का. तुझ्या आवाजात एवढी आशा असायची की नाही म्हणायला जीभ वळायची नाही. भावानं मायेनं पाठवलंय, त्याला कशाला वाईट वाटू द्यायचं, म्हणून होय म्हणत गेले. मनात म्हणायची की औषध घेऊन एवढीच झोप येते, तर विधवेच्या नशिबात एवढीच असणार. म्हणून कधी दुसऱ्या डॉक्टरची पायरी चढले नाही. तामलवाडीहून सोलापूर केवढंसं लांब आहे? तासाभराची वाट.

तुझी ती सिताबाई ठणठणीत आहे म्हणे. तिला बाजूला घेऊन, शपथ घालून विचारलंस का कधी? चिठ्ठीशिवाय गोळी द्यायची नाही, हे बरोबर. मग डॉक्टरकडं जा म्हणून दटावून लावून द्यायचं होतंस. तू गोड बोलून हातात फुसकी पुडी दिलीस आणि त्या बाया औषध मिळालं म्हणून घरी बसल्या. माझ्यासारख्याच.

आता शिवांजलीचं. पोरगी मरणाच्या दारातून परत आलीय. फेब्रुवारीत तिनं जीव द्यायचं ठरवलं होतं. तिनं तुला लिहिलं नाही, मी लिहिते, कारण न सोसणारं लपवून ठेवायचा धंदा या घरात आजपासून बंद. एका परक्या मुलीनं तिला वाचवलं, तीही खरकट्या कुकरवरून भांडायला आलेली. तुझ्या-माझ्यासारखी मायेची माणसं मात्र रोज फोनवर जेवलीस का विचारत होती आणि तीही हो म्हणत होती.

तिला परत ये म्हणायचं नाही. तिचं औषध, तिचा डॉक्टर, तिची खोली, तिला जमेल तसं ती बघेल. उठता-बसता सोयरिकीचं नाव काढलंस तर याद राख, उमरग्याला येऊन तुझ्या दुकानासमोर उभी राहून बोलेन आणि लाइनीतल्या माणसांना ऐकवेन. मी आता सोलापूरला डॉक्टरकडं जाणार आहे. तुझी चिठ्ठी नको आणि डबीही नको.

माया तुटत नाही, हेच तर दुखणं आहे. तब्येतीला जप.

तुझी,
अक्का

*

उमरगा
दि. २५ मार्च २०२१

ती. अक्कास,
मल्लिनाथचे शरणु शरणार्थी.

तुझं पत्र वाचून आधी तुझाच राग आला. अकरा वर्षं तू माझ्याशी खोटं बोललीस, एकदा तरी गुण नाही म्हणाली असतीस तर मी तुला उचलून डॉक्टरकडं नेलं असतं, असं चार पानं लिहिलं. मग ते फाडलं. हे दुसरं आहे.

काल सिताबाई आली. नेहमीसारखं विचारलं, नेहमीसारखंच ती म्हणाली की तुमच्या पुण्याईनं बरी झोप लागते. मी काउंटरच्या बाहेर आलो, तिला बाकावर बसवलं आणि कानडीत बसवण्णाची शपथ घातली. तिनं इकडंतिकडं बघितलं आणि सांगितलं की न्हाय लागत, पोरगा गेल्यापासून न्हाय. मग का नेतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, अप्पा एवढं आपुलकीनं देतेत, त्यास्नी कशाला वाईट वाटू द्यायचं. अक्का, तुझेच शब्द. तुम्ही दोघी कधी एकमेकींना भेटल्या पण नाहीत. दुकान तसंच उघडं टाकून तिला समोरच्या दवाखान्यात नेलं, नंबर लागेपर्यंत थांबलो. परत आलो तर शेजारच्या दुकानातला शिवलिंगप्पा काउंटरच्या आत उभा राहून गिऱ्हाइकांना थांबा थांबा करत होता.

आणखी किती जणं आहेत, आठवायला बसलो. आठवतच राहिलो. मी हुशार आहे म्हणून ते बरे होत नव्हते, मी चांगला आहे म्हणून ते बरं झालो म्हणत होते. एवढी साधी गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळावी! थू माझ्या अकलेवर.

शिवाबद्दल तू लिहिलंस ती ओळ मी अजून पूर्ण वाचलेली नाही. तिथपर्यंत येतो आणि कागद घडी करून ठेवतो. फोन उचलत नाही ती. तू तिला सांग की मी खरं औषध पाठवतो, सीलबंद, बिलासकट, पाहिजे तर तिथल्या डॉक्टरला दाखव म्हणावं.

तुझ्याशिवाय मला कुणी नाही, रागाव पण बोलत राहा.

तुझा,
मल्लू

*

तामलवाडी
दि. ११ एप्रिल २०२१

॥ श्री ॥

चि. शिवांजलीस,
जगदेवी आत्याचे पोटभर आशीर्वाद. हे मात्र मनापासून.

तुझ्या बापाचं पत्र सोबत पाठवतेय. सीलबंद पाठवतो म्हणे! मी त्याला फोन करून सांगितलं, की तू आता पोरीला मोहरीचा दाणासुद्धा पाठवायचा नाहीस. वेड्याला अजून वाटतं की चूक डबीत झाली, नवी डबी दिली की मिटलं. रडत होता. मी समजूत काढली नाही. बाई, लई जड गेलं, पण काढली नाही.

सोलापूरला जाऊन आले. पुन्हा सगळं बंद होणार म्हणतात म्हणून घाईनं गेले, जीपमध्ये चौघंच आणि चौघांची तोंडं बांधलेली. डॉक्टर पोरसवदा आहे, माझ्या एखाद्या विद्यार्थ्याचा मुलगा शोभेल. त्यानं झोपेचं विचारलं आणि माझ्या तोंडून सवयीनं निघालं की बरी लागते. मग स्वतःच्याच तोंडात मारावंसं वाटलं. म्हटलं, डॉक्टर, खोडा ते, पहिल्यापासून विचारा. पाऊण तास बोलले. कधी नव्हे ते ह्यांचं नाव घेऊन रडले. औषध दिलंय. आठवडाभर घेतलं आणि काल पहिल्यांदा सकाळी दैवशालेनं कडी वाजवून उठवलं, दूध घ्यायला. मला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. अकरा वर्षं, शिवा! जे एका आठवड्यात झालं त्याच्यासाठी अकरा वर्षं.

तुझ्या आईला मी सांगून टाकलं. बीपी वाढलं नाही. तीन दिवस ती तुझ्या अप्पाशी एक अक्षर बोलली नाही, चौथ्या दिवशी बोलायला लागली ती अजून थांबलेली नाही. आता तुझ्या खोलीवर फोन येईल तो स्पीकरवर नसेल, तशी तिनं शपथ घेतलीय. उचलायचा तर उचल.

परत यायचं का विचारलंस. येऊ नकोस. आणि बापाला माफ कर असं मी सांगणार नाही. माफी मागितल्याबरोबर द्यायची असते, हे बायकांना कुणी शिकवलं कोण जाणे. मीही शाळेत तेच शिकवलं असणार. तुझ्या मनाला येईल तेव्हा बघ, नाहीच आलं तर तेही मला कळव.

त्या केनियाच्या मुलीला माझा नमस्कार सांग आणि कुकर वेळेवर घासत जा.

तुझ्यावर जीव आहे, तो तुझ्याकडंच राहू दे.

तुझी,
आत्या

*

इंग्लंड
रविवार, दि. ९ मे २०२१

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

ती. अप्पांस,
शिवांजलीचा सा. न. वि. वि.

तुम्ही आत्यांना लिहिलेलं पत्र त्यांनी मला दाखवलं. सिताबाईंना दवाखान्यात नेलंत, चांगलं केलंत. पण ते त्यांच्यासाठी केलंत. माझा राग त्यानं कमी झालेला नाही, तसा समज करून घेऊ नका.

इथं बातम्यांत रोज आपल्याकडची इस्पितळं दाखवतात. उमरग्याचं नाव कुणी घेत नाही, पण मला माहीत आहे की तुम्ही सकाळी आठला शटर वर करता आणि अख्खा तालुका तुमच्या तोंडासमोर खोकतो. धडकी भरते. आईला दिवसातून दोनदा विचारते की अप्पांना ताप नाही ना. आणि तुमचं नाव फोनवर आलं की दात आवळले जातात. दोन्ही खरं आहे. मला आता दोन्ही एकदम लिहिता येतं, महिन्यापूर्वी येत नव्हतं.

औषध लागू पडतंय. डॉक्टरबाईंनी मार्चमध्ये लिहिलेलं ‘लागू पडत नाही’ हे खोडलं. पण एक गोष्ट बिघडली ती बिघडली. मला कॅप्सूल गिळता येत नाही. ओठापर्यंत नेते आणि हात आपोआप तिची टोपी ओढायला जातो. तीन आठवडे झगडले, मग डॉक्टरबाईंनी तेच औषध पातळ दिलं, बाटलीतलं. इथल्या दुकानातली बाई मी विनंती केल्यावर सील माझ्यासमोर मोडते आणि का म्हणून विचारत नाही. दर वेळी तिच्या काउंटरसमोर उभी राहिले की मला तुमची लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून पुन्हा तुमचाच राग येतो. ही गाठ कधी सुटेल ते मला सांगता येणार नाही.

प्रबंधाला मुदत वाढवून मिळाली आहे. मी परत येणार नाही. विमानं तशीही बंद आहेत, पण उद्या सुरू झाली तरी येणार नाही. बरी झाल्यावर येईन, बरी होण्यासाठी तुमच्याकडं येणार नाही.

शेवटचं एक. परवा डॉक्टरबाईंकडं नवा फॉर्म भरला. त्यात एक रकाना असतो, की पुन्हा तसं काही झालं आणि मी बोलण्याच्या स्थितीत नसले, तर कुणाला फोन करायचा आणि माझ्या औषधाविषयी कुणाला विचारायचं. सप्टेंबरात इथं आल्या आल्या मी तिथं डोळे झाकून तुमचं नाव लिहिलं होतं. पुढं केमिस्ट असंही लिहिलं होतं, फुशारकीनं. परवा त्यांनी जुना फॉर्म समोर ठेवला आणि काही बदलायचंय का विचारलं. मी तुमचं नाव खोडलं आणि जगदेवी आत्यांचं लिहिलं, तामलवाडीच्या नंबरासकट. त्यांचं इंग्रजी चौथीच्या पुस्तकापुरतं आहे, पण त्या आता खरं सांगतील. खोडण्याआधी तुमचं नाव दोनदा वाचलं. तरी खोडलं. तुम्हाला हे दुसऱ्याकडून कळू नये म्हणून मीच कळवते.

हा फॉर्म आता दर सहा महिन्यांनी नव्यानं भरून घेणार आहेत. पुढचा नोव्हेंबरात आहे.

मास्क नाकावर घेत जावा.

आपली,
शिवांजली